इंग्लंडमध्ये निअँडरथलचं दगडी हत्यार सापडलं तर: परवानगी, नोंदणी आणि देशाबाहेर नेण्याचा परवाना

सापडलेलं हत्यार ठेवता येतं, पण जमीनमालकाने दिलं तर. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेला 1996 चा ट्रेझर कायदा (ट्रेझर म्हणजे जमिनीत सापडलेला मौल्यवान ठेवा) मुख्यतः सोनं-चांदी, नाणी आणि धातूच्या जुन्या वस्तूंसाठी आहे. नुसता फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड, त्यात येत नाही. ट्रेझर ठरलेल्या वस्तूंसोबतच तो सापडला, तर गोष्ट वेगळी. त्यामुळे नांगरटीत वर आलेली हातकुऱ्हाड, म्हणजे मुठीत धरून वापरायचं बिनदांड्याचं दगडी हत्यार, शेताच्या मालकाची असते. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असली तरी तिथे आपला हक्क चालण्यापुरता. दगड न विचारता खिशात घातला तर ती चोरी ठरू शकते.

म्हणून सगळ्यात आधी लेखी परवानगी घ्या. जमीन दुसरा कोणी कसत असेल तर त्याचीही संमती हवी. वस्तू कोणाकडे राहणार आणि विकली तर पैशांची वाटणी कशी, हे त्याच कागदावर येऊ द्या. बहुतेक भांडणं इथेच होतात.

काही ठिकाणी मालक 'हो' म्हणाला तरी भागत नाही. शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे कायद्याने संरक्षित पुरातन स्थळ, म्हणून नोंद असलेल्या जागेत सरकारी संमतीशिवाय खणणं गुन्हा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीच्या काठावर शोधायला पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचं परमिट लागतं. स्कॉटलंडचा कायदा तर पूर्ण निराळा: तिथे सापडलेली कुठलीही पुरातन वस्तू, दगडाचीसुद्धा, ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवावीच लागते आणि तिच्यावर राजसत्तेचा हक्क असतो. उत्तर आयर्लंडमध्ये 14 दिवसांत कळवायचं, आणि पुरातन वस्तूंसाठी परवान्याशिवाय खणायचं नाही.

आता मुळात ते हत्यार आहे का, आणि निअँडरथलचंच, म्हणजे त्या नामशेष झालेल्या मानवप्रकाराचंच, का? घाव घालून काढलेल्या छिलक्यावर घावाच्या जागेखाली गुळगुळीत फुगवटा असतो आणि तिथून पाण्यातल्या तरंगांसारख्या रेषा पसरतात. थंडीने तडकलेल्या दगडावर हे सहसा दिसत नाही. कडेला ताजी, गडद कपची उडालेली असेल तर ती बहुधा नांगराची करामत. पण प्रत्येक हातकुऱ्हाड निअँडरथलची नसते. दक्षिण इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्हच्या हातकुऱ्हाडी सुमारे 5 लाख वर्षं जुन्या, म्हणजे त्याआधीच्या मानवांच्या आहेत. ब्रिटनमध्ये निअँडरथलची खास ओळख मानली जाते ती सपाट बुडाची, गोलसर खांद्यांची 'बू कूपे' हातकुऱ्हाड, सुमारे 60 ते 50 हजार वर्षांपूर्वीची. नॉरफोकमधल्या लिनफर्डच्या खाणीत 2002 मध्ये सुमारे 60 हजार वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडी मॅमथच्या हाडांसोबत मिळाल्या होत्या. घरी बसून छातीठोक निदान करू नका. ते काम फाइंड्स लिएझन ऑफिसरचं.

हे अधिकारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे, म्हणजे लोकांना सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचे. इंग्लंडमध्ये ही योजना ब्रिटिश म्युझियम चालवतं आणि आपल्या भागाच्या अधिकाऱ्याचा संपर्क योजनेच्या वेबसाइटवर मिळतो. फ्लिंटची नोंदणी ऐच्छिक आणि विनामूल्य आहे. सोबत न्यायचं ते असं: हत्यार, मालकाची परवानगी, सापडल्याची तारीख, कसं सापडलं (शेतात फिरताना, बागेत खणताना) आणि जागेचा नॅशनल ग्रिड रेफरन्स, म्हणजे ब्रिटिश नकाशावर जागा दाखवणारा आकडा. हा शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा. तो किमान सहा अंकी लागतो, पण आठ अंकी दिलात तर जागा 10 मीटरच्या चौकोनात पक्की होते. 'केंटमध्ये कुठेतरी' एवढ्यावर संशोधकाला काहीच करता येत नाही. अचूक जागा लोकांना दाखवली जात नाही, त्यामुळे शेतकऱ्यालाही निर्धास्त करता येतं. दगड घासूनपुसून चकचकीत करू नका. धारेवरच्या वापराच्या सूक्ष्म खुणा त्यातच जातात. नोंदणी सावकाश होते, वस्तू काही काळ अधिकाऱ्याकडे ठेवावी लागू शकते. ती परत मिळते आणि नोंदीचा क्रमांकही मिळतो. तो जपून ठेवा.

कारण हे हत्यार पुण्याला किंवा पणजीला न्यायचं म्हटलं की खरी कागदपत्रं सुरू होतात. ब्रिटनच्या मातीत सापडलेल्या, 50 वर्षांहून जुन्या पुरातन वस्तूला देशाबाहेर जाताना निर्यात परवाना लागतो, मग किंमत पाच पौंड का असेना. बॅगेतून नेलं काय किंवा पोस्टाने पाठवलं काय, नियम तोच. अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे करायचा. त्यात फोटो, मोजमाप, किंमत, मालकी कशी आली ते आणि सापडल्याची जागा द्यायची; नोंदीचा क्रमांक इथे कामी येतो. वस्तू राष्ट्रीय महत्त्वाची वाटली तर परवाना लांबणीवर टाकून ब्रिटनमधल्या खरेदीदाराला संधी दिली जाते. साध्या छिलक्यावर ती पाळी येणं कठीण.

विकत घेणाऱ्यांनाही थोडं सांगायला हवं. बाजारात 'मूस्तेरियन, दोर्दोन्य' (निअँडरथलची हत्यारं घडवण्याची पद्धत आणि फ्रान्समधला एक प्रदेश) अशी चिठ्ठी लावलेले फ्रेंच तुकडे बरेच दिसतात. युरोपीय संघाबाहेर 100 वर्षांहून जुनी उत्खननातली वस्तू न्यायला सहसा निर्यात परवाना लागतो. विक्रेता तो दाखवायला टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडून द्या.

भारतात उतरल्यावर कस्टमला वस्तू जाहीर करा आणि आयातीचा पुरावा व ब्रिटिश परवाना एकत्र ठेवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पुढे तुम्ही परत लंडनला राहायला निघालात, तर हा दगड बाहेरून आणलेला आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.