घरी बनवलेला साबण विकायचा आहे? परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

घरच्यांसाठी किंवा भेट द्यायला साबण बनवत असाल तर परवाना लागत नाही. पण पहिली वडी विकायच्या आधी तो हातात हवा. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येतून साबण आधी वगळलेला होता, 1982 च्या दुरुस्तीने ती सूट गेली. सध्याचं कामकाज सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे चालतं. कपड्या-भांड्यांचा साबण यात येत नाही.

"मी तर साबणाचा तयार बेस, म्हणजे आधीच बनवलेली साबणाची लादी, वितळवून साच्यात ओतते, ते उत्पादन कसं?" हा प्रश्न बचत गटांच्या ताई हमखास विचारतात. कायद्यातली उत्पादनाची व्याख्या फार रुंद आहे. विक्रीसाठी बनवणं, त्यात फेरफार करणं, इतकंच काय, पॅकिंग करून लेबल लावणंही तिच्यात बसतं. म्हणजे तेलाचा साबण करायला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याला हात लावला नाही तरी परवाना चुकत नाही.

महाराष्ट्रात हा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. अर्ज ऑनलाइन, फॉर्म सीओएस-5 मध्ये करायचा. मंजूर झाला की सीओएस-8 मध्ये परवाना मिळतो. अर्जदाराच्या स्वतःच्या शिक्षणाची अट नाही, मात्र उत्पादनावर देखरेख ठेवणारी एक पूर्णवेळ तांत्रिक व्यक्ती दाखवावी लागते. ती डी.फार्म (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) झालेली, नोंदणीकृत फार्मासिस्ट किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली असली तरी चालते. तुम्हीच तसे शिकलेले असाल तर अर्ध काम झालं.

खरं घोडं अडतं ते जागेवर. भिंती सहा फुटांपर्यंत गुळगुळीत आणि धुता येण्याजोग्या, फरशी धूळ न धरणारी, पाणी पिण्यायोग्य, स्वच्छतागृह उत्पादनाच्या जागेपासून वेगळं, हे सगळं अधिकारी प्रत्यक्ष येऊन बघतात. अंगाच्या साबणाच्या लहान कारखान्यासाठी नियमांत किमान 100 चौरस मीटर जागेची शिफारस आहे आणि कच्चा माल, तयार माल यांची साठवण त्याहून वेगळी. स्वयंपाकघराचा ओटा यात बसणार नाही. मशिनरी घेण्याआधी, गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन जागेबद्दल विचारून घ्या, ही माझी कळकळीची विनंती. पैसे अडकल्यावर समजलं तर फार जिवाला लागतं.

जागाच नसेल तर दुसरा रस्ता आहे, लोन लायसन्स. नावात लोन असलं तरी बँकेच्या कर्जाशी याचा काही संबंध नाही. परवाना असलेल्या दुसऱ्या उत्पादकाच्या कारखान्यात तुमच्या नावाने माल बनवून घ्यायचा. अर्ज सीओएस-6 मध्ये, परवाना सीओएस-9 मध्ये. छोट्या उद्योजकाला मी आधी हाच सुचवेन. त्यासाठी त्या उत्पादकाचं संमतिपत्र आणि त्याच्या परवान्याची प्रत जोडावी लागते.

बाकी कागदपत्रांत ओळखपत्र, जागेचा मालकी पुरावा किंवा भाडेकरार, मोजमापांसह नकाशा, यंत्रसामग्रीची यादी, तांत्रिक व्यक्तीचं प्रमाणपत्र व नेमणूकपत्र, भागीदारी असल्यास करारपत्र, शुल्काची पावती आणि नियमांचं पालन करत असल्याचं सीओएस-7 मधलं हमीपत्र तयार ठेवा. प्रत्येक साबणाच्या घटकांचं प्रमाणही लिहून ठेवा. "अंदाजे" चालत नाही. निव्वळ खोबरेल तेल घेतलं तर 1 किलोला सुमारे 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा पूर्ण खर्ची पडतो. त्याहून जास्त पडला की तो वडीत शिल्लक राहून कातडी भाजतो. म्हणून वजनाची वही पहिल्या घाण्यापासून ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे, जरूर करा, पण ती या परवान्याची जागा घेत नाही.

परवान्याला मुदत नसते, मात्र तो चालू ठेवायला दर 5 वर्षांनी शुल्क भरावं लागतं. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक, निव्वळ वजन आणि एमआरपी हवी. बॅच क्रमांकाऐवजी साबणावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापतात. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. आणि "इसब, नायटा बरा होतो" असं वेष्टनावर चुकूनही लिहू नका. तसा दावा केला की तुमचा साबण औषधात मोजला जातो आणि त्याचा परवाना निराळा.