पन्नास माणसांचं चर्च आणि बातमीचा गेन

टीव्हीवर आठवडाभर एकच माणूस दिसला की आपण म्हणतो, एवढं दाखवतायत म्हणजे याच्या मागे बरीच पब्लिक असणार. हा समज साफ चुकीचा आहे.

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा पाद्री टेरी जोन्स घ्या. त्याच्या चर्चचे सभासद तेव्हा जेमतेम पन्नास. 2010 च्या जुलैत त्याने जाहीर केलं की 11 सप्टेंबरला कुराणाच्या प्रती जाळणार. सप्टेंबरात अफगाणिस्तानातल्या फौजांचे प्रमुख जनरल पेट्रेयस त्यावर बोलले, ओबामा बोलले, संरक्षणमंत्री गेट्स यांनी तर चक्क त्याला फोन केला. पन्नास माणसांसाठी!

मांडवात माईक स्पीकरसमोर नेला की कूंऽऽ करून शिट्टी वाजते ना, तसंच हे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, तिथून मोठा होऊन परत स्पीकरमध्ये. यात सगळा खेळ एका आकड्याचा, लूप गेन, म्हणजे एक फेरी मारून आवाज किती पट होऊन येतो. समजा एका बातमीतून सरासरी 0.8 नवी बातमी निघते. 100 बातम्यांपासून सुरुवात केली तर विसाव्या फेरीत जेमतेम 1 उरते. तोच आकडा 1.2 करा, विसाव्या फेरीत 3800 च्या वर! सुरुवात तीच, मूळ आवाज केवढा होता त्याला फार किंमतच नाही. आणि लूपला समर्थन-विरोध कळत नाही, निषेध केला की ती नवी बातमी, त्यावर कोणाची प्रतिक्रिया आली की अजून एक, त्यावर संध्याकाळी चर्चा, की गेन वाढलाच.

2008 ला एलएचसी, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणारं युरोपातलं ते प्रचंड यंत्र, सुरू होताना आपल्याकडच्या चॅनेलांनी 'जग संपणार' म्हणून असंच रान उठवलं होतं, लोक खरंच घाबरले होते, राग येतो आठवलं की.

जोन्सने तेव्हा ऐनवेळी बेत रद्द केला, पण 20 मार्च 2011 ला त्याच्या चर्चमध्ये खरंच प्रत जाळली. अमेरिकन मीडियाने यावेळी फारसं लक्ष दिलं नाही, म्हणजे तिथे गेन 1 च्या खाली. मग काही दिवसांनी अफगाण अध्यक्ष करझाईंनी जाहीर निषेध केला, आणि 1 एप्रिलला अफगाणिस्तानातल्या मझार-ए-शरीफ शहरात जमाव यूएनच्या ऑफिसात घुसला, यूएनची 7 माणसं मारली गेली. लूप एकीकडे तुटला तरी दुसरीकडून जोडला जातो, त्यामुळे नुसतं 'दुर्लक्ष करा' पुरत नाही. बातमी द्यायचीच तर पहिल्याच वाक्यात सभासद किती ते सांगा, आणि मोठ्या लोकांच्या तोंडापुढे माईक धरत फिरू नका.