वजनाचा रकाना रिकामा नसतो

‘डंबेल नाही, प्लेट नाही, मग व्यायामाच्या वहीत वजन म्हणून लिहायचं काय? फार तर किती वेळा केलं तो आकडा वाढवत न्यायचा.’ घरच्या घरी व्यायाम करणाऱ्यांना हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते चूक आहे. पुशअपमध्येही वजन असतं, फक्त ते लोखंडाचं नसतं.

साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण 64 टक्के भार येतो. गुडघे टेकले की तो 49 टक्क्यांच्या आसपास उतरतो, पाय 60 सेंटिमीटर उंचीवर ठेवले की 74 पर्यंत चढतो. म्हणजे 70 किलोच्या माणसाला अनुक्रमे 45, 34 आणि 52 किलो. बारवर प्लेट चढवणं याहून वेगळं काय असतं? पुलअपमध्ये, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून स्वतःला वर ओढताना, तर जवळजवळ अख्खं शरीरच उचलायचं असतं.

म्हणून नुसतं ‘पुशअप 20’ लिहिलेलं पाहिलं की मला हळहळ वाटते. मेहनत झालेली असते, पण दोन महिन्यांनी त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘पुशअप, पाय 30 सेंमी उंच, तीन सेट (सलग केलेल्या फेऱ्या) 10-9-7, खाली जाताना 3 सेकंद, शेवटच्या सेटला अजून 2 निघाले असते.’ पुढच्या वेळी त्याच उंचीवर 10-10-9 निघाले, तर ताकद वाढल्याचं समोर दिसतं. तिन्ही सेट 12 वर गेले की उंची वाढवा.

आठवड्यातून एकदा स्वतःचं वजनही नोंदवा. दोन किलो वाढूनही पुलअप तेवढेच निघत असतील, तर तीही प्रगतीच आहे.