गोळीची कोरड आणि शरीराची तहान

अतिक्रियाशील मूत्राशयासाठी, म्हणजे अचानक आणि वारंवार लघवीची घाई होण्याच्या त्रासासाठी, ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन किंवा डॅरिफेनासिन यांपैकी एखादी गोळी सुरू झाली की थोड्याच दिवसांत तोंडाला कोरड पडू लागते आणि घरातील कोणीतरी हमखास सांगते, ‘तोंड सुकतंय ना, मग भरपूर पाणी पीत जा.’ हा सल्ला आपुलकीने दिलेला असतो, पण या रुग्णांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, कारण त्यात कोरड आणि तहान या दोन निराळ्या गोष्टी एकच मानलेल्या असतात.

तहान प्रत्येकाच्या ओळखीची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. शरीरातील पाणी घटले आणि रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी जरी वाढली, तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसला ते कळते. मग पाणी पिण्याची इच्छा होते, मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात, लघवी कमी आणि गडद होते. पाणी पोटात गेले की काही मिनिटांतच तहान शमते.

गोळीने येणाऱ्या कोरडीचा शरीरातील पाण्याशी संबंध नसतो. मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतो तो मज्जातंतूंच्या टोकांशी सुटणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनामुळे, आणि हे रसायन तेथील मुस्कॅरिनिक ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील संदेश घेणाऱ्या जागांवर, काम करते. गोळी हे ग्राही अडवते, त्यामुळे अवेळी येणारी तीव्र लघवीची भावना कमी होते. अडचण अशी, की लाळग्रंथींनाही लाळ सोडण्याचा आदेश याच रसायनाकडून आणि बऱ्याच अंशी याच प्रकारच्या ग्राहींमार्फत मिळतो. रक्तातून फिरणारी गोळी मूत्राशयापुरती थांबत नाही. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करणाऱ्या ग्रंथी पाण्याने भरलेल्या शरीरातही मंदावतात, कारण त्यांना होणारी आज्ञाच पोहोचत नाही. धोत्र्याच्या विषबाधेत तोंड सुकते तेही याच मार्गाने, कारण त्यातील ॲट्रोपीन हेच ग्राही अडवते. अशा वेळी दोन तांबे पाणी प्यायले तरी लाळ वाढत नाही. तोंड तेवढ्यापुरते ओले होते आणि थोड्या वेळात पुन्हा सुकते.

माझा खरा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. कोरड पडली म्हणून रुग्ण दिवसभर पाणी पितो, ते सगळे पाणी अखेर मूत्राशयातच येते, लघवीच्या फेऱ्या वाढतात, रात्रीची झोप मोडते, आणि रुग्ण डॉक्टरांना सांगतो की गोळीचा काहीच उपयोग नाही. तो किती पाणी पितो हे कोणी विचारत नाही. मात्रा वाढवली जाते, मात्रेबरोबर कोरड वाढते आणि कोरडीबरोबर पाणी. उपयोगी पडू शकणारे औषध अशा रीतीने निकामी ठरवले जाते. म्हणून माझे आग्रहाचे मत आहे, की गोळी बदलण्याआधी दोन-तीन दिवस प्यायलेले पाणी आणि झालेली लघवी मोजून लिहून काढावी आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. चहाही त्यात मोजावा, कारण त्यातील कॅफीन मूत्राशयाला आणखी चाळवते.

दोन्हींतला फरक घरी ओळखणे अवघड नाही. पाणी पिऊनही तोंड लगेच सुकत असेल, भाकरीचा कोरडा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसेल, बोलताना जीभ टाळूला चिकटत असेल, पण लघवी फिकट आणि पुरेशी होत असेल, तर ती लाळेची उणीव आहे. लघवी कमी आणि गडद असेल, उभे राहताना चक्कर येत असेल, तर पाणी खरोखरच कमी पडलेले असण्याची शक्यता मोठी.

कोरडीवर उपाय तोंडात करायचा असतो. एकेक छोटा घोट तोंडात घोळवणे, चूळ भरणे, साखरविरहित च्युइंग गम चघळणे, फारच त्रास असेल तर कृत्रिम लाळेचा फवारा वापरणे, इतके पुरते. लिमलेटच्या गोळ्या आणि खडीसाखर मात्र मला मुळीच मान्य नाहीत. लाळ दातांवरील आम्ल निष्प्रभ करते आणि ती नसताना साखर सतत चघळली, तर दात फार लवकर किडतात. आंबट फोडी चोखत राहिल्यानेही दातांचे कवच झिजते. सुपारीने तोंडाला पाणी सुटते हे खरे, परंतु ती कर्करोगकारक आहे, त्यामुळे तिचा विचारही करू नये.

औषधात बदल करणे डॉक्टरांच्या हाती असते, पण प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. ऑक्सिब्युटिनिनची साधी गोळी कोरडीसाठी सर्वांत कुप्रसिद्ध आहे, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळीने हा त्रास तुलनेने कमी होतो. याच त्रासावरचे मिराबेग्रॉन हे औषध वेगळ्या ग्राहींवर काम करत असल्याने कोरड फारशी आणत नाही, मात्र त्यासोबत रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. पोटदुखीसाठी घेतलेले डायसायक्लोमिन, सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलिन ही औषधेही तेच ग्राही अडवतात आणि त्यांचा भार एकत्र साठतो, म्हणून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. ज्येष्ठांमध्ये या भाराने गोंधळ आणि विसराळूपणाही येतो, आणि तो वयावर ढकलून देणे मला कोरडीच्या घोटाळ्याहूनही अधिक खटकते. बद्धकोष्ठ आणि धूसर दृष्टी यांची कल्पना बहुतेकांना दिलेली असते. डोळ्यात अचानक तीव्र वेदना झाल्यास किंवा लघवी पूर्ण अडल्यास मात्र लगेच रुग्णालय गाठावे.

आता उलट बाजू, कारण ‘पाणी कमी प्या’ असा अर्थ कोणी काढू नये. वय वाढल्यावर तहानेची जाणीवच बोथट होते. शिवाय या गोळ्या घाम कमी करतात, आणि विदर्भातील उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा घामावाटे निवू न शकणारे शरीर लवकर तापते. तेथे केवळ पाणी पिणे पुरत नाही, दुपारच्या उन्हापासून दूरच राहावे लागते. पाण्याचे प्रमाण दिवसभरात विभागून घ्यावे आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी करावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

कोरडीसोबत खरी, न शमणारी तहान लागत असेल आणि प्रत्येक वेळी लघवी भरपूर प्रमाणात होत असेल, तर गोळीला दोष देण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. अतिक्रियाशील मूत्राशयात फेऱ्या पुष्कळ होतात, पण प्रत्येक वेळी लघवी बहुधा थोडीच असते.