अँटेना डिजिटल नसतो हो!

‘फोर-के डिजिटल अँटेना, रेंज ३०० किलोमीटर’ ही जाहिरात ऑनलाइन विक्रीच्या साइटवर सारखी डोळ्यासमोर येते आणि दरवेळी चिडचिड होते, कारण एका ओळीत दोन थापा आहेत. अँटेना डिजिटलही नसतो आणि फोर-केही नसतो. तो म्हणजे ठरावीक मापाच्या धातूच्या दांड्या, टॉवरवरून लहर आली की त्यांच्यात बारीकसा करंट हलतो, बस्स. त्या लहरीवर बातम्या आहेत की क्रिकेट, जुनं ॲनालॉग की नवं डिजिटल, याचा त्याला पत्ताच नसतो. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटीमीटर, म्हणून मुख्य दांडी साधारण त्याच्या निम्मी, ३० सेंटीमीटरच्या आसपास. छपरावर माशाच्या काट्यासारखा दिसणारा तो अँटेना जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ साली मांडला, तेव्हा टीव्ही प्रयोगशाळेतच रांगत होता, आणि तोच अँटेना आजच्या डिजिटल टीव्हीलाही छान चालतो.

दुसरी थाप ३०० किलोमीटरची. पृथ्वी गोल आहे, हे विकणाऱ्याच्या सोयीसाठी बदलत नाही. टॉवरची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, की रेडिओ क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं (हवेत लहर थोडी वाकते तेही यात धरलेलं आहे). ३०० मीटरचा टॉवर असेल तर साधारण ७१ किलोमीटर, तुमचा अँटेना १० मीटरवर असेल तर त्याचे १३, झाले ८४. त्यापुढे लहर कडेवरून वळून थोडी झिरपते, पण ३०० किलोमीटरवरून रोज रात्री बातम्या दिसणार नाहीत, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

मग डिजिटल नेमकं काय आहे? तर टॉवरवरून सोडलेल्या लहरीत चित्र आणि आवाजाची माहिती आकड्यांच्या रूपात भरायची पद्धत. आणि ती इतकी सुंदर आहे की हा लेख खरं तर तिच्याचसाठी लिहितोय, अँटेनाचं निमित्त.

ॲनालॉग टीव्हीचा मोठा वैरी म्हणजे प्रतिध्वनी. टॉवरवरून लहर तुमच्याकडे सरळ येते, तशीच समोरच्या डोंगरावर किंवा इमारतीवर आपटूनही येते, पण उशिरा. प्रकाश आणि रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात, म्हणजे दीड किलोमीटरचा वळसा पडला तर ५ मायक्रोसेकंद उशीर. ज्या देशांत ६२५ रेषांचं चित्र होतं तिथे एक रेष पडद्यावर डावीकडून उजवीकडे काढायला ५२ मायक्रोसेकंद लागायचे, त्यामुळे ५० सेंटीमीटर रुंद पडद्यावर प्रत्येक माणसाच्या उजवीकडे जवळजवळ ५ सेंटीमीटरवर त्याचीच फिकट सावली उभी राहायची. जुन्या लोकांना आठवत असेल, याला टीव्हीतलं भूत म्हणायचे. भुतांपैकी एवढं एकच खरं निघालं आणि तेही डोंगरावरून आपटून आलेलं.

आता डिजिटलमध्ये हे प्रकरण आणखी बिघडायला हवं. ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये तुम्ही एकामागून एक आकडे सोडत बसलात तर सेकंदाला सत्तर लाखांच्या आसपास जातील, म्हणजे एका आकड्याच्या वाट्याला साधारण ०.१४ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात लहर फक्त ४३ मीटर पुढे जाते. ५ मायक्रोसेकंदांचा प्रतिध्वनी आला की तो पुढच्या पस्तीसेक आकड्यांवर सांडणार, नुसता चिखल.

मोठ्या घुमटाखाली भाषण करायचं असेल तर अनुभवी वक्ता काय करतो, भराभर बोलत नाही, एक शब्द उच्चारतो, घुमणं विरेपर्यंत थांबतो, मग पुढचा. टीव्हीवाल्यांनी तेच केलं. पण हळू बोललं तर माहिती कमी जाईल, म्हणून एकाच्या जागी हजारो वक्ते उभे केले, प्रत्येकाचा सूर वेगळा आणि सगळे एकदम बोलणारे. डिजिटल टीव्ही टॉवरवरून सोडायची डीव्हीबी-टी नावाची जी पद्धत आहे तिच्या ८के प्रकारात ६८१७ कॅरिअर असतात, म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारी शेजारी बसवलेल्या ६८१७ छोट्या लहरी, आणि प्रत्येक लहर आपला आकडा तब्बल ८९६ मायक्रोसेकंद धरून ठेवते. (हा ८के म्हणजे चित्राचा ८के नव्हे, जाहिरातवाल्यांना सांगू नका.) आता ५ मायक्रोसेकंदांचा प्रतिध्वनी म्हणजे ८९६ मधले ५, किरकोळ.

पण इतक्या लहरी इतक्या दाटीवाटीने बसवल्या तर एकमेकींत मिसळणार नाहीत का? इथे खरी गंमत आहे, जरा सावकाश वाचा. दोन शेजारी कॅरिअरमधलं अंतर मुद्दाम १११६ हर्ट्झ ठेवलंय, कारण १ भागिले ८९६ मायक्रोसेकंद म्हणजे तेवढंच येतं. त्यामुळे ८९६ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत एका कॅरिअरची जितकी आवर्तनं होतात त्यापेक्षा शेजारणीची बरोबर एक जास्त होते, तिच्यापलीकडचीची दोन जास्त, अर्धवट कुणाचीच उरत नाहीत. आणि अशा दोन लहरींचा गुणाकार करून पूर्ण खिडकीभर बेरीज केली तर उत्तर शून्य येतं, वरचं आणि खालचं काटेकोर कटतं. म्हणजे टीव्हीने एका कॅरिअरला विचारलं की तुझा आकडा काय, तर बाकीच्या ६८१६ जणी आपोआप गप्प. फिल्टर नको, मध्ये मोकळी जागा नको. ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेतल्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ साली मांडली, पण हजारो लहरी वेगवेगळ्या करायला हजारो सर्किटं कोण लावणार, म्हणून ती बराच काळ कागदावर राहिली. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखवलं की सगळं काम फूरिए रूपांतराच्या गणिताने (मिसळलेल्या लहरी सुरासुरानुसार वेगळ्या करणारं गणित) एका झटक्यात होतं, आणि मग चिप स्वस्त व्हायची वाट पाहणं एवढंच उरलं. आज तुमच्या टीव्हीतली चिप हे गणित सेकंदाला हजारएक वेळा करते.

आता गार्ड इंटरव्हल. एक आकडा संपून दुसरा सुरू होताना आधीच्याचा प्रतिध्वनी नव्याच्या सुरुवातीवर सांडतो, तेवढा भाग वाचायचाच नाही, म्हणून प्रत्येक आकड्याआधी थोडा वेळ राखून ठेवतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की तिथे शांतता ठेवत असतील. नाही! शांतता ठेवली तर उशिरा आलेल्या प्रतीची सुरुवात खिडकीत कोरी पडेल, तिची आवर्तनं अर्धवट होतील आणि ते शून्य बेरजेचं गणित कोसळेल. म्हणून तिथे त्याच आकड्याच्या लहरीची शेपटी कापून डोक्याला चिकटवतात. मग प्रत कितीही उशिरा येवो, गार्डच्या आत असली म्हणजे झालं, खिडकीत तिची आवर्तनं पूर्णच भरतात, फक्त थोडी सरकलेली. म्हणजे आकडे एकमेकांत गोंधळत नाहीत, प्रत्येक कॅरिअर तेवढा थोडा लहानमोठा होतो आणि थोडा फिरतो, म्हणजे त्याची आवर्तनं जरा सरकतात. इतक्या साध्या युक्तीने एवढा मोठा गुंता सुटलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तो लहानमोठेपणा आणि फिरणं मोजायचं कसं? काही कॅरिअरवर माहिती नसतेच, आधीपासून ठरलेला आकडा असतो आणि तो जरा जास्त ताकदीने सोडतात, त्यांना पायलट म्हणतात. टीव्हीला माहीत असतं इथे काय यायला हवं होतं, प्रत्यक्षात काय आलं ते बघून मधल्या सगळ्या कॅरिअरचं बिघडणं तो काढतो आणि उलटं फिरवतो. ५ मायक्रोसेकंदांचा जोरदार प्रतिध्वनी असेल तर दर २०० किलोहर्ट्झवर एक खड्डा पडतो (तिथे सरळ आलेली आणि उशिरा आलेली लहर एकमेकींना मारतात), चॅनेलभर अडतीसेक. त्या खड्ड्यांतले कॅरिअर मेलेलेच, पण कुठले मेले ते पायलटवरून कळतं आणि शेजारची माहिती मुद्दाम दूरदूरच्या कॅरिअरवर पसरवलेली असते, त्यामुळे एकाच ठिकाणी सगळं नुकसान होत नाही. उरलेली दुरुस्ती करणारे कोड असतात, त्यातलं रीड-सॉलोमन नावाचं कोड १८८ बाइटच्या पाकिटाला १६ जादा बाइट जोडतं आणि ८ पर्यंत चुकलेले बाइट स्वतः शोधून सुधारतं.

आणि इथेच डिजिटलचा तो कुप्रसिद्ध कडा येतो. सुधारता येण्याइतक्या चुका असतील तोवर चित्र शंभर टक्के स्वच्छ, त्याच्या पलीकडे गेलं की एकदोन डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं माप) फरकात चौकोन, आवाजाचा खडखड आणि मग काळा पडदा. ॲनालॉगसारखी मुंग्या-मुंग्यांची पूर्वसूचना नाही. म्हणून ‘काल मस्त दिसत होतं, आज काय झालं’ हा प्रश्न, तर काल तुम्ही कड्याच्या टोकावरच उभे होता, फक्त दिसत नव्हतं.

मग लोक बूस्टर आणतात. बूस्टर सिग्नल वाढवतो तसा गोंगाटही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर बहुतेक वेळा निरुपयोगी, कारण १५ मीटर केबलमध्ये साधारण ३ डेसिबल, म्हणजे निम्मी ताकद, आधीच गेलेली असते आणि ती गोंगाटातून परत उपसता येत नाही. लावायचाच तर वर अँटेनापाशी, केबलच्या आधी. टॉवर जवळ असेल तर तिथेही नको, जास्त सिग्नलने बूस्टरच गुदमरतो आणि चॅनेल एकमेकांत मिसळतात. रेंज वाढवणारे स्टिकर, लोहचुंबक वगैरेंबद्दल बोलण्यात अर्थ नाही, ते भिंतीला चिकटतात एवढाच त्यांचा गुण. आणि छपरावर अँटेना लावला की घरात रेडिएशन येतं असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, अँटेना नसताना ती लहर घराला वळसा घालून जात होती का? ५०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागते त्याच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असते.

टीव्हीच्या मेनूत स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या असतात. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर सिग्नल येतोय पण घाण झालेला, प्रतिध्वनी फार, बूस्टर गुदमरलेला किंवा शेजारच्या मोबाइल टॉवरचा घुसखोर. दोन्ही कमी असतील तर अँटेना वर चढवा, दिशा बघा, केबलच्या जोडात पाणी गेलंय का बघा. काही प्रादेशिक टॉवरवरून लहर आडवी सोडतात आणि काही छोट्या रिले केंद्रांवरून उभी, तेव्हा शेजाऱ्यांच्या अँटेनाच्या दांड्या कशा आहेत तेही पाहून घ्या, उलटं लावलं तर सिग्नलचा मोठा भाग वाया जातो.

आता गार्ड इंटरव्हलचं सगळ्यात मोठं फळ. टीव्हीला प्रतिध्वनी चालतो, आणि तो डोंगरावरून आलाय की दुसऱ्या टॉवरवरून हे त्याला कळत नाही. म्हणजे एका प्रदेशातल्या सगळ्या टॉवरवरून एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तेच प्रक्षेपण सोडायचं, जीपीएसच्या घड्याळाने वेळ जुळवून. ॲनालॉगमध्ये हा मूर्खपणा ठरला असता, इथे दोन टॉवरचे सिग्नल एकमेकांना मदत करतात. ८९६ चा एक चतुर्थांश, म्हणजे २२४ मायक्रोसेकंदांचा गार्ड ठेवला तर अंतरातला फरक ६७ किलोमीटरपर्यंत चालतो, पण पाचवा हिस्सा वेळ त्यात जातो. नंतरच्या डीव्हीबी-टी२ मध्ये आकडा ३५८४ मायक्रोसेकंदांपर्यंत लांबवला, त्यामुळे तेवढाच गार्ड फार स्वस्तात पडतो. अजून का नाही लांबवत? कॅरिअर तेवढेच जवळ येतात, २७९ हर्ट्झवर, आणि ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत ६०० मेगाहर्ट्झची लहर ५५ हर्ट्झने सरकते, म्हणजे शेजारणीच्या दाराशीच. स्थिर छपरासाठी ठीक, गाडीसाठी नाही.

गार्डच्या बाहेरून आलेला प्रतिध्वनी मात्र निव्वळ गोंगाट. एरवी तसं क्वचित होतं, पण जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवेचा थर बसला की लहरी त्याच्याखाली नळीत अडकल्यासारख्या शेकडो किलोमीटर जातात, आणि कुठल्यातरी भलत्या प्रदेशाचा टॉवर तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन बसतो. अशा दिवशी चांगला चाललेला टीव्ही अचानक चौकोन दाखवतो आणि माणूस रिमोट घेऊन पुन्हा चॅनेल शोधायला लावतो. तेवढं करू नका. टीव्ही त्या पाहुण्या टॉवरचेच चॅनेल साठवून ठेवतो, हवा बदलल्यावर ते गायब होतात आणि तुमचे आधीचे यादीतून पुसलेले असतात.