रोमच्या पायाखालची माती

रोम म्हटलं की लांडगीचं दूध पिणारे जुळे भाऊ डोळ्यांसमोर येतात. त्यांतल्या रोम्युलसनं इ.स.पू. ७५३ मध्ये शहर वसवलं, असं रोमन लोक सांगत. मला मात्र त्या कथेपेक्षा पॅलाटाइन टेकडीच्या खडकातले खळगे जास्त बोलके वाटतात. १९४८ च्या उत्खननात ते नीट उजेडात आले. झोपड्यांच्या मेढी रोवण्यासाठी ते खोदले होते. लाकूड केव्हाच कुजून गेलं, खळगे तेवढे उरले. त्यांच्यावरून घरं कळतात: कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर. ही माणसं मृतांच्या अस्थी कधीकधी झोपडीच्याच आकाराच्या मातीच्या कलशात ठेवत. गेलेल्या माणसालाही ती घर देत होती.

जागा मोक्याची होती. टायबर नदीत इथे एक बेट आहे आणि त्याच्या जवळून नदी ओलांडता येई. समुद्रकाठचं मीठ याच वाटेनं आतल्या डोंगराळ मुलखात जाई.

टेकड्यांमधला सखल भाग मात्र पाणथळ होता. पूर आला की पाणी तिथे शिरे. कडेला दफनभूमी होती. इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे हजारो घनमीटर भराव टाकून जमीन काही ठिकाणी सुमारे दोन मीटर उचलली गेली. पाणी काढून द्यायला चर खणला. तोच पुढे बांधून, झाकून ‘क्लोआका मॅक्सिमा’, म्हणजे शहराचं मोठं गटार, झाला. त्याचे काही भाग आजही पाणी वाहून नेतात. या भरावावर फोरम, म्हणजे शहराचा चौक, उभा राहिला. माझ्या मते रोम ‘शहर’ झालं ते इथे. एका टेकडीवरच्या वस्तीचं हे काम नव्हे. वेगवेगळ्या टेकड्यांवरची माणसं एकत्र राबली पाहिजेत आणि त्यांना राबवणारं कुणीतरी हवं.

त्या ‘कुणीतरी’ची खूण १८९९ साली फोरममध्येच सापडली. पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांना काळ्या फरशीखाली इ.स.पू. सहाव्या शतकातला कोरीव दगड मिळाला. त्यावरची अक्षरं शेतात नांगराचे बैल तासाच्या टोकाला वळतात तशी ओळीच्या शेवटी वळून उलट दिशेनं जातात. बराचसा मजकूर तुटला आहे, पण ‘रेकेइ’ हा शब्द स्पष्ट आहे: ‘राजाला’. लॅटिनमधला ‘रेक्स’ आणि आपला ‘राजा’ एकाच मुळातून आलेले.

परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी राजांना हाकलून दिलं. हा दगड मात्र पुढच्या पिढ्यांनी काळी फरशी घालून जपला. तिथे रोम्युलसची समाधी आहे, असं त्यांच्यातले काही जण मानत.