सामायिक सायकल सेवा : गैरवापराचे नियमन

शहरात भाड्याने मिळणाऱ्या सार्वजनिक सायकलींची चोरी, मोडतोड व त्या वाटेल तिथे टाकून जाणे यांना आळा घालणारी नियमव्यवस्था.

अशा सेवेचा आरंभ सामान्यतः अ‍ॅम्स्टरडॅममधील 1965 च्या ‘पांढऱ्या सायकलीं’पासून मानतात. लूड स्खिमेलपेनिंक यांच्या कल्पनेवरून प्रोव्हो या अराज्यवादी गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवल्या. त्यांची संख्या बहुधा 50 च्या आसपास दिली जाते. स्खिमेलपेनिंक यांनी मात्र पुढे ती जेमतेम दहाच्या घरात सांगितली. सायकली चोरीला गेल्या, कालव्यांत फेकल्या गेल्या व योजना बुडाली, ही कथा रूढ आहे. परंतु सायकल बिनकुलपाची ठेवण्यास तेथे मनाई होती आणि त्या आधारे पोलिसांनीच त्या उचलून नेल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गटाने मग आकडी कुलपे लावली व कुलूप उघडण्याचा आकडा सायकलीवरच रंगवून टाकला. निनावी वापरातून नासधूस ओढवते, या समजाला आधार म्हणून हीच योजना वारंवार पुढे केली जाते. म्हणून या वादाचे महत्त्व.

कोपनहेगनमध्ये 1995 पासून 20 क्रोनरचे नाणे घातल्यावर सायकल सुटे व ती परत लावल्यावर नाणे परत मिळे. वापरणारा मात्र निनावीच राही. रेन (फ्रान्स) येथे 1998 मध्ये ओळखपत्रवजा कार्ड आले. पॅरिसच्या ‘वेलिब’ सेवेने (2007) बँक कार्डावर 150 युरोंची हमी घेतली. तरी 2009 पर्यंत सुमारे 8,000 सायकली चोरीस गेल्याची वृत्ते आहेत. तेव्हा केवळ ओळख पटवणे पुरेसे नसावे.

स्थानकाविना चालणाऱ्या सेवांत चीनमधील ‘मोबाइक’ने वापरकर्त्यास गुण दिले; गुण घसरले की भाडे अनेक पटींनी वाढे. ‘ओफो’ या दुसऱ्या चिनी कंपनीने वापरकर्त्यांकडून घेतलेली अनामत तर उलट त्यांच्याच अंगाशी आली : 2018 च्या अखेरीस ती परत मागणाऱ्यांची संख्या एक कोटीवर गेली. सिंगापूरने 2018 मध्ये कायदा दुरुस्त करून कंपन्यांना परवाना सक्तीचा केला. सायकल पिवळ्या चौकटीत लावून तेथील क्यूआर कोड स्कॅन केल्याशिवाय फेरी संपत नाही. वर्षात तीनदा चुकल्यास त्या वापरकर्त्याला सर्व कंपन्यांच्या सायकली काही काळ बंद होतात. या बंदीची खरी धार ‘सर्व’ या शब्दात आहे. एरवी माणूस दुसरे अ‍ॅप उघडून मोकळा होतो.

पुण्यात 2017 च्या अखेरीस औंध व विद्यापीठ परिसरात अशी सेवा सुरू झाली. नंतर कंपन्यांनी काढता पाय घेतला.